बंद बाटलीची साक्ष

खोकल्याच्या औषधाची नवी बाटली घरी आली की घरातील वडीलधारे माणूस ते औषध चमच्यात ओतण्यापूर्वी टोपणाला एक पीळ देते. ‘कट्‌ कट्‌’ असा बारीक आवाज होतो, टोपण सुटून हातात येते आणि त्याच्या खालची कडी बाटलीच्या गळ्यातच राहते. आवाज झाला नाही, टोपण नुसतेच गरगर फिरले, तर बाटली तशीच दुकानात परत जाते. ही पारख कोणी शाळेत शिकवलेली नाही. तरी ती आज घरोघर रुजली आहे. एवढ्याशा आवाजावर आपण आजारी लेकराच्या तोंडात काय जावे याचा निवाडा करतो. त्या आवाजामागे फार मोठा इतिहास आहे, आणि तो आमच्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

झाकणाची कामे दोन. पहिले, आतला द्रव आत राखणे व बाहेरची हवा, धूळ आणि माशी बाहेर थोपविणे. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. मालकाच्या पाठीमागे कोणी त्या भांड्याला हात लावला असेल, तर झाकणाने ते सांगितले पाहिजे. द्रवाच्या बाबतीत या दुसऱ्या कामाला विशेष महत्त्व येते. धान्याच्या पोत्यातून चार मुठी काढल्या तर पोते सैल पडते. दुधातून पावशेर काढून पावशेर पाणी घातले, तर भांडे काठोकाठ भरलेलेच दिसते. द्रवातली चोरी मागे खड्डा ठेवीत नाही. तेव्हा द्रव जे सांगू शकत नाही ते झाकणाकडून वदवून घ्यावे, हा खटाटोप मनुष्याने फार प्राचीन काळापासून चालविला आहे.

इजिप्तमध्ये द्राक्षारसाच्या मातीच्या घड्यांची तोंडे लव्हाळ्याच्या गुंडाळ्याने किंवा खापराच्या चकतीने बंद करीत आणि त्यावर नाईल नदीच्या चिखलाचा जाड थर थापीत. थर ओला असतानाच त्यावर मोहोर उमटविली जाई. चिखल वाळला की घडा उघडण्याचा मार्ग एकच उरे, तो म्हणजे तो थर फोडणे. फोडलेला थर पुन्हा थापता येतो, परंतु मोहोरेचा ठसा ज्याच्याजवळ आहे त्यालाच तो पहिल्यासारखा करता येतो. काही घड्यांच्या चिखलात एक बारीक भोक ठेवलेले आढळते. आतला रस आंबत असताना सुटणारा वायू त्यातून निघून जावा आणि घडा फुटू नये, यासाठी ही योजना; पुढे ते भोकही बुजवून टाकीत.

१९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेन राजाची कबर सापडली. तीत द्राक्षारसाचे २६ घडे होते. अनेक घड्यांवर शाईने राज्यारोहणाचे वर्ष, मळ्याचे नाव आणि द्राक्षमळ्यावरील मुख्य कामगाराचे नाव लिहिलेले होते. आज बाटलीवर आपण जी चिठ्ठी पाहतो तिचा सगळा मजकूर सव्वातीन हजार वर्षांपूर्वी तयार होता, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु आम्हांस त्या कबरीतील दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. कार्टर दरवाजापुढे उभे राहिले तेव्हा गिलाव्याच्या एका भागावर राजाची मोहोर होती, तर दुसऱ्या भागावर स्मशानरक्षकांची. यावरून आत पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांना कळून चुकले, की चोर येथे पूर्वी येऊन गेले आहेत आणि रक्षकांनी दार पुन्हा बंद केले आहे. आत गेल्यावर तसेच आढळले. चोरांनी सुगंधी तेलांवर आणि लेपांवर विशेष डल्ला मारला होता, कारण सोन्याच्या भांड्यावर राजाचे नाव असते, तेलावर नसते. एका पाषाणपात्राच्या आतल्या बाजूस घट्ट लेपात चोराच्या बोटांचे ठसे तसेच राहिले होते. उलट राजाच्या शवपेटीभोवतीच्या दुसऱ्या देव्हाऱ्याच्या दाराला दोरीची गाठ आणि तिच्यावर मातीची मोहोर होती, ती मात्र अभंग. त्या एका मुठीएवढ्या मातीने सांगितले, की येथून पुढे कोणी गेलेले नाही. मातीची ती गोळी एका हिसक्यासरशी तुटली असती. तिचे सामर्थ्य टणकपणात नव्हते. तुटल्यानंतर ती मुकाट्याने सांधता येत नव्हती, एवढेच तिचे सामर्थ्य.

मोहोरेच्या मर्यादाही प्राचीनांना ठाऊक होत्या. त्याची सर्वांत रंजक कथा आमच्या वाचकांच्या घरच्या बायबलातच आहे. दानिएलच्या ग्रंथाचा चौदावा अध्याय काढून पाहावा. (प्रॉटेस्टंट बांधवांच्या प्रतींत हा भाग सहसा सापडत नाही.) बाबेलच्या बेल या दैवताला दररोज बारा मापे सपीठ, चाळीस मेंढरे आणि सहा मापे द्राक्षारस वाहिला जाई, आणि सकाळी सारे संपलेले असे. देव जेवतो, ही राजाची खात्री. दानिएल हसला. परीक्षेसाठी राजाने नैवेद्य मांडविला, दार लावून घेतले आणि त्यावर स्वतःच्या अंगठीची मोहोर केली. सकाळी मोहोर शाबूत होती आणि द्राक्षारस नाहीसा झालेला होता. राजाने जयजयकार केला. दानिएलाने त्याला उंबरठ्यावर अडवून जमिनीकडे बोट दाखविले. रात्री दार लावण्यापूर्वी त्याने सर्वत्र राख चाळून पसरली होती आणि तीत पुरुषांची, बायकांची व मुलांची पावले उमटली होती. मेजाखाली एक चोरदरवाजा होता. सत्तर पुजारी आपल्या कुटुंबांसह रोज रात्री त्यातून येत आणि खाऊन-पिऊन जात.

टोपणांची रचना करणाऱ्या अभियंत्यांनी ही कथा कामाच्या टेबलासमोर टांगून ठेवावी, असे आम्हांस वाटते. राजाची मोहोर खोटी नव्हती. तिने फक्त ज्या दारावर ती होती त्या दाराविषयी साक्ष दिली. आणि दानिएलाची राख कोणालाही अडवीत नव्हती. जो आला त्याची खूण तेवढी तिने ठेवली.

रोमन लोकांनी याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने हात घातला. रोम शहरात तायबर नदीकाठी मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती माती-दगडांची नाही, तेलाच्या फुटक्या कुंभांची आहे. स्पेनच्या दक्षिण भागातून ऑलिव्ह तेल ज्या अँफोरांतून येई, ते रिकामे झाल्यावर तेथे फोडून रचून ठेवीत. रिकामा अँफोरा सुमारे तीस किलोचा आणि त्यात तेल सुमारे सत्तर किलो. हाइनरिख ड्रेसेल या जर्मन विद्वानांनी १८७२ पासून त्या खापरांवरील शाईची अक्षरे वाचण्यास आरंभ केला. प्रत्येक कुंभावर त्याचे रिकामे वजन, आतील तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव आणि तपासनिसांच्या नोंदी असत. जहाज बंदराला लागल्यावर कुंभ तराजूत घातला आणि वजन कमी भरले, की वाटेत कोणाचा तरी हात लागला हे उघड. हीही एक मोहोरच, आकड्यांत लिहिलेली. अर्थात तेल काढून तेवढ्याच वजनाचे दुसरे काही त्यात घातले, तर तराजू गप्प बसणार.

मध्ययुगातील मेणाच्या मोहोरांविषयी फार लिहीत नाही. त्यांचा संबंध पत्रांशी आणि सनदांशी अधिक. एक गोष्ट मात्र आमच्या प्रांताच्या लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सोळाव्या शतकापासून युरोपात मोहोरेसाठी मेणाच्या जागी लाख आली, आणि ती लाख पुष्कळशी हिंदुस्थानातून जाई. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर एक लहानसा कीटक हा राळेसारखा पदार्थ तयार करतो. मोहोरेच्या लाखेला पोर्तुगीज भाषेत ‘लाक्रे’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘लाख’ याच घराण्यातला आहे. मेण बोटाच्या उबेनेही मऊ पडते. लाख मात्र ठिसूळ असते, वाकण्याऐवजी तडकते. हा तिचा दोष नाही. मोहोरेला हवा तोच गुण आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जाड, मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्या आणि त्यांच्या जोडीला बूच आले. ओत्व्हियेर येथील बेनेडिक्टाइन मठाचे कोठावळे दोम पेरिन्यों यांनी बुचाची युक्ती प्रथम योजली, अशी आख्यायिका आपण ऐकतो. संन्याशाला द्राक्षारसाचा जनक ठरविण्याचा मोह आम्हांसही होतो, परंतु इतिहासात तिला भक्कम आधार नाही. ते १६६८ ते १७१५ या काळात त्या मठात होते आणि उत्तम द्राक्षारस करीत, एवढे खरे. बुचाला तार बांधण्याऐवजी धातूची टोपी व तारेची जाळी बसविण्याचे पेटंट आदोल्फ जाकसों यांनी १८४४ साली घेतले. त्या जाळीचा हेतू आतल्या वायूचा दाब आवरण्याचा होता, चोर पकडण्याचा नव्हे. चोरासाठी निराळी युक्ती निघाली. चिठ्ठी पाण्यात भिजवून काढता येते, म्हणून द्राक्षारस करणारे घराण्याचे नाव आणि वर्ष खुद्द बुचावरच डागू लागले. बूच काढल्याशिवाय ते नाव नीट वाचता येत नाही, आणि पेचाने काढलेल्या बुचाला भोक पडलेले असते.

या काळात मालकांची चिंता विषाची नव्हती, नोकरांची होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी घरांत ‘टँटॅलस’ नावाची वस्तू दिसे. लाकडी चौकटीत मद्याच्या दोन-तीन नक्षीदार काचेच्या सुरया आणि त्यांच्या माथ्यावर कुलूपबंद आडवा दांडा. मद्य डोळ्यांना दिसे, ओठांना लागत नसे. ग्रीक पुराणातल्या तहानलेल्या टँटॅलसचे नाव म्हणूनच तिला मिळाले. लंडनच्या जॉर्ज बेट्यमन यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले. कुलूप म्हणून ती ठीक होती. परंतु किल्ली ज्याच्या हाती लागे त्याचे पाप ती सहज झाकी, कारण उघडून पुन्हा बंद केलेले कुलूप न उघडलेल्या कुलपासारखेच दिसते. कुलूप आणि मोहोर यांत हाच भेद आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण मुंबईत वा तिच्या आसपास गेले, त्यांना गोटी सोड्याची बाटली आठवत असेल. इंग्लंडचे हायरम कॉड यांनी १८७२ साली ती पूर्णत्वास नेली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराचे कडे. बाटली उलटी धरून भरायची आणि सरळ करायची. आतल्या वायूचा दाब गोटीला वर लोटून कड्यावर घट्ट बसवी. झाकण हरवण्याची भीती नाही, बूच विकत घ्यावे लागत नाही, आणि पेयाच्याच जोरावर पेय बंद! यंत्ररचना म्हणून आम्हांस ती आजही मोहक वाटते. पण साक्ष म्हणून तिची किंमत शून्य होती. आज भरली, उद्या भरली, स्वच्छ पाण्याने भरली की ओढ्याच्या पाण्याने, गोटी तितक्याच तत्परतेने बसे. गिऱ्हाईक विश्वास ठेवी तो सोडावाल्यावर. गल्लीतला सोडावाला सर्वांच्या ओळखीचा होता, म्हणून ते भागून जाई.

बाटली गल्ली सोडून परगावी जाऊ लागली, तेव्हा भागेना. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी विल्यम पेंटर यांनी १८९२ साली पत्र्याच्या दातेरी टोपणाचे पेटंट घेतले. मुकुटासारखे दिसते म्हणून ‘क्राउन’. आरंभी त्याला २४ दात होते, आज २१ असतात. आत बुचाची पातळ चकती असे. हे टोपण एकदा उघडले की वाकते आणि फेकून द्यावे लागते. पेंटर यांचा व्यापार या फेकण्यावरच उभा होता. त्यांच्याच कंपनीत विक्रेते असलेल्या किंग जिलेट यांना त्यांनी सल्ला दिला होता, की लोक वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घेतील असे काहीतरी शोधून काढा. जिलेट यांनी दाढीचे पाते काढले. एकदाच वापरण्याची वस्तू, या कल्पनेने पुढे पृथ्वीवर किती कचरा केला तो विषय निराळा. पण बाटलीच्या साक्षीला तिने नवा आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. तरीही हलक्या हाताने काढलेले क्राउन ठोकून सरळ करता येते, आणि ते परत बसविण्याचे हातयंत्र महाग नसते.

दुधाची कथा आणखी निराळी. इंग्लंडमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून वरची साय खाणारे चोर निघाले ते पक्षी. १९२१ साली साउथहॅम्प्टनजवळ स्वेदलिंग येथे हा प्रकार प्रथम नोंदला गेला आणि हळूहळू ‘ब्लू टिट’ नावाच्या चिमणीपेक्षाही लहान पक्ष्यांनी ही विद्या देशभर नेली. फाटलेल्या झाकणावरून गृहिणीला चोर कळत असे, एवढे त्या पातळ पत्र्याचे श्रेय. मुंबईत आरे वसाहतीचे दूध अशाच काचेच्या बाटल्यांतून येई आणि तिच्या तोंडावर चिमटीने उचकटता येण्याजोगे पातळ अ‍ॅल्युमिनिअमचे झाकण असे. घरी पाणी घालणाऱ्या भय्याच्या चरवीच्या मानाने ती मोठी सुधारणा होती. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि चोरही शिकले. पिशवीचा कोपरा बारीक कापायचा, थोडे दूध काढायचे, तेवढे पाणी घालायचे आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर कोपरा वितळवून चिकटवायचा! मुंबईत अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी अशा टोळ्यांवर वेळोवेळी छापे घातले आहेत. जे झाकण ज्योतीने वितळवून तयार झाले ते ज्योतीनेच दुरुस्तही होते, हा त्यातला मूळ दोष. म्हणून पिशवीचा कोपरा बोटाने चाचपून पाहण्याची आपल्या घरांतील सवय अनाठायी नाही.

आता आरंभी सांगितलेल्या त्या ‘कट्‌’ आवाजाकडे येऊ. व्यापारात या टोपणाला ‘पिल्फर-प्रूफ’ म्हणतात. पिल्फर म्हणजे भुरटी चोरी. नावातच त्याचा जुना हेतू, नोकराच्या हातचलाखीचा, शिल्लक आहे. कारखान्यात येते तेव्हा या अ‍ॅल्युमिनिअमच्या टोपीला आटे नसतातच. ती बाटलीवर ठेवतात, वरून दाब देऊन आतील मऊ चकती काचेवर घट्ट बसवितात आणि मग फिरत्या चाकांनी तिचा पत्रा बाटलीच्या आट्यांत दाबत नेतात. प्रत्येक टोपणाचे आटे अशा रीतीने त्याच्याच बाटलीवर घडतात. शेवटी एक चाक खालची कड बाटलीच्या गळ्यावरील उंचवट्याखाली वळवून टाकते. वरची टोपी आणि खालची कडी यांच्यामध्ये पत्र्याच्या अगदी अरुंद पट्ट्या तेवढ्या राखलेल्या असतात. टोपण फिरविले की टोपी वर चढू पाहते, कडीला उंचवटा अडवितो आणि मधल्या पट्ट्या तुटतात. आपल्याला ऐकू येतो तो त्यांच्या तुटण्याचा आवाज.

या पट्ट्यांची जाडी ठरविणे हे मोठे नाजूक काम आहे. त्या फार जाड ठेवल्या तर संधिवाताने आखडलेल्या बोटांना औषध उघडत नाही. फार बारीक ठेवल्या तर खोक्यातील धक्क्यांनीच तुटतात, आणि धडधाकट बाटलीवर संशय येतो. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिकचे टोपण याच तत्त्वावर चालते. फक्त तेथे कडीच्या आत मागे वळलेले बारीक पंख असतात, ते चढताना लवतात आणि उतरताना अडतात. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून पेयांच्या तीन लिटरपर्यंतच्या एकदा वापरण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांची टोपणे उघडल्यावरही बाटलीला जोडलेली राहिली पाहिजेत, असा नियम आहे. तो कचऱ्यासाठी आहे, चोरीसाठी नव्हे. पण त्यामुळे रचनाकारांना कोडे पडले: कडी तुटल्याचे तर दिसले पाहिजे आणि टोपण तर सुटता कामा नये.

मद्याच्या व्यापाऱ्यांना एवढ्याने समाधान नव्हते. भारी मद्याची रिकामी बाटली गोळा करून, तीत हलके मद्य भरून नवे टोपण बसविणारे जगभर आहेत. त्यावर इटलीत पिएमोंते प्रांतातील अलेस्सांद्रिया येथे १९५४ साली स्थापन झालेल्या गुआला कंपनीने न भरता येणारे तोंड प्रसिद्धीस आणले. गळ्यात झडप आणि छोटी गोळी अशी बसवितात, की द्रव बाहेर ओतता येतो, आत ओतता येत नाही. पुढे या कंपनीचा कारखाना गोव्यातही उभा राहिला. गोटी सोड्याची गोळी आणि ही गोळी यांची तुलना करून पाहावी. एक बाटली पुन्हापुन्हा भरण्यासाठी होती, दुसरी कधीच न भरण्यासाठी.

येथवर प्रश्न चोरीचा होता. १९८२ साली तो जीविताचा झाला. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेत शिकागो शहराच्या परिसरात टायलेनॉल या डोकेदुखीवरील औषधाच्या कॅप्सूल घेतल्याने सात माणसे मरण पावली. कोणीतरी दुकानांतील बाटल्या उघडून कॅप्सूलमध्ये सायनाइड भरले होते आणि बाटल्या पुन्हा फळीवर ठेवल्या होत्या. त्या सातांपैकी तिघे एकाच कुटुंबातील. मोठा भाऊ अचानक गेला. शोकाने व्याकूळ झालेल्या धाकट्या भावाने आणि त्याच्या पत्नीने त्याच घरात, त्याच बाटलीतून गोळ्या घेतल्या. कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या. खुनाच्या आरोपाखाली आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. ही गोष्ट द्रवाची नव्हे, हे खरे. परंतु तिच्यानंतर जे नियम झाले त्यांनी द्रव औषधांच्या बाटल्यांचेही रूप पालटले. नोव्हेंबर १९८२ मध्ये, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बहुतेक औषधांना असे आवरण सक्तीचे केले, की ते तुटलेले वा नाहीसे असेल तर ग्राहकाला डोळ्यांनी दिसावे. ते आवरण सहज मिळणाऱ्या वस्तूंनी पुन्हा बनविता येऊ नये. आणि ते कोठे आहे हे बाटलीवर छापलेले असावे, हेही नियमात आले. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. मुळात कडी होती हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ती नाहीशी झाल्याचे कसे कळणार?

त्या नियमात प्रथम ‘छेडछाडीला विरोध करणारे’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. १९९८ साली तो बदलून ‘छेडछाड उघड करणारे’ असा शब्द घातला गेला. शासकीय भाषेतील इतका प्रामाणिक फेरफार क्वचितच पाहावयास मिळतो. वेळ, हत्यार आणि दुष्ट बुद्धी ज्याच्याजवळ आहे त्याला थोपवील असे टोपण कोणी करू शकलेले नाही, हे त्यात मान्य झाले. त्यानंतर टोपणाखाली विजेच्या चुंबकीय क्षेत्राने तापवून काचेला अथवा प्लॅस्टिकला चिकटविलेला पातळ पडदा सर्वत्र आला. फळांच्या रसाच्या काही बाटल्यांच्या धातूच्या झाकणाला मधोमध खळी असते, ती आतल्या निर्वात पोकळीने ओढून धरलेली असते. झाकण एकदा सैल झाले की हवा आत शिरते आणि खळी ‘टक्‌’ करून वर येते. दानिएलाच्या राखेचीच ही आधुनिक रूपे होत.

राजाच्या मोहोरेची मर्यादा मात्र या सर्वांना लागू आहे, आणि तिचा चटका मुंबईने सोसला आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले होते. ते रंगहीन व गोडसर असते, आणि मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीच्या आणि तपासणीच्या व्यवस्थेतील अनाचार चव्हाट्यावर मांडला. याच रसायनाने अमेरिकेत १९३७ साली शंभराहून अधिक बळी घेतले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबिया देशातील बालमृत्यूंच्या संदर्भात भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला, तेव्हाही त्यांत हेच रसायन आढळल्याचे तिने सांगितले. अशा बाटलीचे टोपण शाबूत असते, कडी जागच्या जागी असते, ‘कट्‌’ असा आवाजही होतो. टोपण खोटे बोलत नाही. ते बसविल्यानंतर कोणी आले नाही, एवढेच ते सांगते. विष त्यापूर्वीच आत गेलेले असते, मेजाखालच्या दाराने. त्या दारावर पहारा ठेवावयाचा तर कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी करावी लागते, आणि ती करणारा माणूस विकला न जाणारा असावा लागतो.

व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंत्रालयाने १५ जून २०१७ रोजी जगातील बिशपांना मिस्साच्या भाकरी-द्राक्षारसासंबंधी एक पत्र पाठविले होते. पूर्वी या वस्तू बहुधा धर्मभगिनींचे किंवा व्रतस्थांचे मठ तयार करीत. आता त्या मोठ्या दुकानांत आणि संगणकाच्या जाळ्यावरही विकत मिळतात, हे त्या पत्राचे निमित्त. धर्मविधिसंहितेच्या ९२४ व्या कलमाप्रमाणे द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असावा लागतो. बंद बाटलीकडे बाहेरून पाहून धर्मग्रामाच्या फादरांना यांपैकी काहीच ठरविता येत नाही. म्हणून त्या पत्रात बिशपांना सुचविले आहे, की या वस्तू कशा बनतात, साठविल्या जातात आणि विकल्या जातात याच्या तपासणीचे काम एखाद्या व्रतस्थ संघाकडे किंवा दुसऱ्या योग्य संस्थेकडे सोपवावे आणि प्रमाणपत्रांची व्यवस्था करावी. भाकर करणारी माणसे सचोटीची आणि त्या कामात निष्णात असावीत, या जुन्या नियमाचेही त्यात पुन्हा स्मरण दिले आहे.